ग्राफिक डिझाइनची पदवी आणि कर्ज: सही करण्याआधी कागदावर मांडायचा हिशेब

कर्जाच्या दर लाखामागे महिना १,८४५ रुपये हप्ता. ओळखीतलं कुणी ‘पोरीला डिझाइनला घालतोय, आठ लाखांचं कर्ज काढतोय’ म्हणालं की मी आधी हा आकडा सांगतो. आठ लाख म्हणजे हप्ता पावणेपंधरा हजारांच्या घरात. मग विचारतो, पहिला पगार किती धरलाय? उत्तर बहुतेक वेळा कॉलेजच्या माहितीपत्रकातून आलेलं असतं आणि तिथेच हिशेब फसलेला असतो.

मी स्वतः उपयोजित कलेचा विद्यार्थी. पुण्यात स्टुडिओत नोकरी केली, नंतर स्वतःची कामं घेतली, आता नव्या मुलांचे पोर्टफोलिओ, म्हणजे कामाचे नमुने, बघायची वेळ येते. डिझाइनला ‘स्कोप’ आहे की नाही, या वादात मला पडायचं नाही. किती कर्ज पेलेल एवढाच प्रश्न आहे आणि त्याला वही-पेनाने सोडवता येतं. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाल्याचा आनंद बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या.

आधी बघा, पदवी देतं कोण

महाराष्ट्रात चार वर्षांच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) उपयोजित कला, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत ‘कमर्शियल आर्ट’. दुसरी बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन), ज्यात ग्राफिक किंवा कम्युनिकेशन डिझाइन हा विषय असतो. बीएफएसाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी यूसीड, एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्यांची स्वतःची परीक्षा. मुंबईच्या १८५७ पासूनच्या जे.जे. कला महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची सूचना त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा, मागच्या बॅचच्या दादाच्या भरवशावर राहू नका. गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. त्याखेरीज खासगी विद्यापीठं आणि ‘डिझाइन स्कूल’ म्हणवणाऱ्या संस्था गल्लोगल्ली झाल्या आहेत.

प्रवेशाच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा: शेवटी हातात जो कागद पडणार, त्यावर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल? काही संस्था शिकवतात पुण्यात आणि पदवी येते भलत्याच राज्यातल्या विद्यापीठाची. काहींची ‘पदवी’ म्हणजे संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र. काम मिळायला प्रमाणपत्र क्वचितच आड येतं, ते खरंच. पण शिष्यवृत्ती, व्याज-सवलत आणि पुढे एम.डेस. या तिन्ही दारांवर विद्यापीठाचं नाव विचारतात. उत्तर लेखी घ्या.

खर्चाची बेरीज: फी गुणिले चार करू नका

फी दरवर्षी वाढते. मागच्या तीन बॅचनी कोणत्या वर्षाला किती भरली ते विचारा, त्यावरून तुमच्या चार वर्षांचा अंदाज बांधा. त्यात अनामत, परीक्षा फी, अभ्यास सहल धरा. मग राहणं: वसतिगृह किंवा कॉट बेसिस, डबा, लोकल-बसचा पास.

डिझाइनचा खरा चोरखर्च मात्र वेगळा असतो. प्रिंट. सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजबाहेरच्या प्रिंटवाल्याकडे रात्री अकराला रांग असते. रंग फिका आला म्हणून तोच ए-थ्री तिसऱ्यांदा काढायचा, माउंटबोर्ड, कटर, स्प्रे-गोंद, वर पुस्तकाचं बाइंडिंग. महिन्याच्या खर्चात हे दिसत नाही, वर्षाच्या शेवटी दिसतं. सीनियरला विचारा, ‘एका सेमिस्टरला प्रिंट आणि मटेरियलला किती गेले?’ तो डोकं खाजवून जो आकडा सांगेल त्यात चौथा हिस्सा अजून मिळवा.

लॅपटॉपबद्दल माझ्या अनुभवातलं एक. प्रवेश झाल्याच्या आनंदात घरच्यांनी पहिल्याच महिन्यात महागडं यंत्र घेऊन दिलं. बीएफएचं पहिलं वर्ष म्हणजे फाउंडेशन: पोस्टर कलर, इम्पीरियल शीट, अक्षरांकन, हाताने काढलेली द्विमितीय संकल्पना. वर्षभर त्या लॅपटॉपवर आम्ही सिनेमे बघितले. बीएफएला असाल तर खरेदी दुसऱ्या वर्षावर ढकला, तोवर तेच पैसे चांगल्या यंत्राला पुरतात. बी.डेस.ला पहिल्या सेमिस्टरपासून लागू शकतो, तेव्हा आधी विचारून घ्या. सॉफ्टवेअरचंही तसंच. ॲडोबीचं वर्गणीवालं पॅकेज विद्यार्थी-दरात मिळतं, तरी ते दर महिन्याला खिशातून जातंच. फिग्मा विद्यार्थ्यांना मोफत आहे. इंकस्केप, क्रिता, ब्लेंडर सगळ्यांनाच मोफत. शिकण्याच्या काळात यांवर बरंच भागतं.

मग वजा करा

कर्जाआधी फुकटचे पैसे. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर प्रवर्गांच्या योजना आहेत. २०२४-२५ पासून राज्याने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. तुमचं कॉलेज, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमची जागा यात बसते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाला विचारा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की यातल्या बऱ्याच गोष्टी हातून जातात. म्हणजे त्या जागेची खरी किंमत फीच्या आकड्यापेक्षा जास्त असते.

पैसे उशिरा येतात, हेही धरून चाला. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधार-बँक जोडणी यांतला एक कागद अडला की अर्ज मागे फिरतो.

व्याजावर सवलत देणाऱ्या योजना वेगळ्या. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली: ठरलेल्या यादीतल्या संस्थांत प्रवेश असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याज-सवलत. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरण्याची तरतूद वेगळी आहे, तिला संस्थेच्या मानांकनाची अट आहे. महाराष्ट्राच्या ओबीसी वित्त महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. गोंयकारांकडे तर हुकमाचं पान आहे: गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज. पुढचा सगळा व्याजाचा हिशेब वाचताना त्याची किंमत कळेल.

कर्ज: मंजुरीपत्रावरचा आकडा आणि हप्ता सुरू होतानाचा आकडा

बँकांच्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी निधीचं संरक्षण असल्याने तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं, त्याहून जास्त रकमेला घर, एफडी किंवा विमा पॉलिसी तारण मागतात. ४ लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. सहकर्जदार म्हणून वडिलांचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा गुणांक, तपासला जातो. दुचाकीचा थकलेला एखादा जुना हप्ता इथे वर येतो, म्हणून तो अहवाल अर्जाआधी काढून बघा.

शिक्षण आणि त्यानंतरचं साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याला बँकेत मोरेटोरियम म्हणतात आणि घरी सगळे त्याला ‘तोवर काही भरायचं नाही’ असं म्हणतात. भरायचं नसतं, चढत मात्र असतं. या काळात साधं व्याज लागतं आणि हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं जातं.

उदाहरण घेऊ. ८ लाखांचं कर्ज, दरवर्षी २ लाख कॉलेजला जातात, दर १०.५ टक्के. (तुमचा दर वेगळा असेल, पद्धत हीच.) पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर पाच वर्षांचं व्याज १,०५,०००. दुसऱ्या वर्षीच्यांवर चार वर्षांचं ८४,०००. तिसऱ्याच्यांवर ६३,०००. चौथ्याच्यांवर ४२,०००. बेरीज २,९४,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुम्ही १०,९४,००० देणं लागता.

ते सात वर्षांत फेडायचं तर महिना साधारण १८,४४६ रुपये. दहा वर्षांत १४,७६२. पंधरा वर्षांत १२,०९३. हप्ता हलका वाटतो म्हणून पंधरा वर्षं घेतलीत तर एकूण पावणेबावीस लाख जातात. दहा वर्षांत १७ लाख ७१ हजार. सुरुवातीला सांगितलेले १,८४५ रुपये याच दहा वर्षांच्या गणितातून आले. पंधरा वर्षांसाठी तोच आकडा लाखाला १,५१२ होतो.

घरच्यांना शक्य असेल तर एक गोष्ट नक्की करा: शिकतानाच व्याज भरत राहा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिना १,७५०, दुसऱ्या वर्षी ३,५००, तिसऱ्या वर्षी ५,२५०, मग ७,०००. एवढं जमलं तर हप्ता सुरू होताना देणं ८ लाखच राहतं, दहा वर्षांचा हप्ता १०,७९५ येतो आणि शेवटच्या बेरजेत १ लाख ८२ हजार वाचतात. असं वेळेवर भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात १ टक्का सूटही देतात. अर्जाच्या वेळी मागून घ्या, आपणहून कुणी सांगत नाही.

आणि कॉलेजच्या आवारातच टेबल टाकून बसलेल्या कर्ज-प्रतिनिधीकडे ‘दोन दिवसांत मंजूर’ ऐकून सही करू नका. सरकारी बँकेचा दर, प्रक्रिया शुल्क आणि गळ्यात मारलेला विमा, तिन्ही शेजारी लिहून बघा.

पहिला पगार: खालून मोजा

माहितीपत्रकातला ‘सर्वोच्च पॅकेज’ हा एका मुलाचा पगार असतो. ‘सरासरी’ही फसवी: नऊ जणांना तीन लाख आणि एकाला तेवीस, तर सरासरी पाच. कॉलेजला विचारायचं ते असं: मागच्या बॅचमध्ये किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांनी प्लेसमेंट घेतलं, पगाराच्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्याला किती मिळाले? उत्तर टाळलं, तर तेही उत्तरच.

याहून भरवशाचं म्हणजे दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली आठ-दहा मुलं गाठणं. लिंक्डइन, बिहान्स, इन्स्टाग्रामवर सापडतात. टॉपर नकोत, मधली आणि खालची गाठा. पगार थेट विचारायला संकोच वाटतो ना, तर असं विचारा: ‘माझ्यासारख्या नवख्याला तुमच्या स्टुडिओत पहिल्या वर्षी हातात किती पडतील?’ यावर लोक खरं बोलतात. इंटर्नशिपचे महिने विनापगारी होते की स्टायपेंड होता, हेही विचारून घ्या.

‘हातात’ या शब्दावर जोर. सीटीसी, म्हणजे कंपनी सांगते त्या पॅकेजमधून भविष्य निर्वाह निधी जातो. महाराष्ट्रात महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर जातो (बायकांना २५,००० पगारापर्यंत माफ). लहान स्टुडिओ पुष्कळदा नोकरीऐवजी ‘रिटेनर’वर घेतात: १० टक्के टीडीएस कापून पैसे, पीएफ नाही, रजा नाही. कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, पण हप्ता दर महिन्याला जातो, परतावा वर्षातून एकदा येतो.

डिझाइन हे एक क्षेत्र नाही, हेही लक्षात घ्या. फ्लेक्स-लग्नपत्रिकेचं दुकान, दिवाळी अंकाची मांडणी, ब्रँडिंग स्टुडिओ, जाहिरात एजन्सी, ॲपचं यूआय-यूएक्स (म्हणजे पडद्याची आणि वापराची रचना), पॅकेजिंग. कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर बसणारा आणि सॉफ्टवेअर कंपनीत फिग्मावर बसणारा, दोघांच्या पगारात दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. तुमच्या कॉलेजची मुलं यांतल्या कुठल्या दारातून जास्त जातात, ते त्या आठ-दहा जणांकडूनच कळेल.

एआयबद्दल विचारणार, माहीत आहे. नवख्याला मिळणारी हमाली, म्हणजे बॅकग्राउंड काढणं, एकाच जाहिरातीची दहा मापं करणं, ही आता यंत्र झपाट्याने करतं. नेमकी तीच कामं करत आम्ही शिकलो होतो. म्हणून पहिल्या वर्षाचा पगार धरताना हात आखडता ठेवा. पण चित्र बनवणारं तेच यंत्र ‘ज्ञानेश्वर’ लिहिताना अजूनही बऱ्याचदा घसरतं. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट केला, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ मुक्तपणे वापरायला दिले, त्या परंपरेच्या अंगणात आपण वाढलो आहोत. देवनागरी अक्षरांकन मनापासून शिकलेली मुलगी पोर्टफोलिओ उघडते तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसतो. चार वर्षांत हे एक कौशल्य कमवायला जादा फी पडत नाही.

आता दोन्ही आकडे समोरासमोर

समजा पुण्यात पहिल्या वर्षी हातात २२,००० पडतात. घर सोलापूरला, म्हणजे इथे कॉट बेसिस, डबा, प्रवास, मोबाइल. काटकसरीने १५,००० जातात. उरले ७,०००. त्यातले दीड हजार आजारपणाला आणि बिघडलेल्या चार्जरला ठेवा. हप्त्याला ५,५००. हा पगाराचा बरोब्बर चौथा हिस्सा होतो आणि घराबाहेर राहणाऱ्या कुणालाही मी यापुढे जाऊ देत नाही. ५,५०० ला १,८४५ ने भागा: २.९८. म्हणजे पेलणारं कर्ज तीन लाख.

तीच मुलगी पुण्यातच घरी राहत असेल, तर खोलीचे पैसे वाचतात, हप्ता ९,००० पर्यंत ताणता येतो, कर्ज पावणेपाच लाखांपर्यंत जातं. स्वतःचं घर असलेल्या शहरातच शिकणं आणि पहिली नोकरी करणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती आहे, तिला अर्ज करावा लागत नाही.

याउलट २० लाखांचं कर्ज. हप्ता सुरू होताना देणं २७ लाख ३५ हजार, दहा वर्षांचा हप्ता ३६,९०५, पंधरा वर्षांचा ३०,२३३. २२,००० च्या पगाराला हे गणित लागूच होत नाही. इथे कुणीतरी म्हणतं, ‘पण पाच वर्षांनी पगार वाढेल.’ वाढेलही. बँक मात्र पहिल्या महिन्यापासून घेते, आणि तो फरक भरतात ते सहकर्जदार, म्हणजे निवृत्तीला टेकलेले आईवडील. त्यांच्याशी हे आत्ताच उघड बोला: पहिली तीन वर्षं महिना इतके हजार तुम्ही घालाल का? ते हो म्हणाले आणि झेपणारं असेल, तर तो कुटुंबाचा निर्णय आहे, माझी हरकत नाही. न बोलता गृहीत धरणं याला हरकत आहे.

महाग संस्थेच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. एनआयडी किंवा आयडीसीसारख्या ठिकाणी मोठ्या कंपन्या स्वतः येतात आणि सोबत शिकणारी मुलं आयुष्यभर कामं देतात. तिथे जास्त कर्जाला आधार आहे. पण काचेची इमारत आणि तेवढीच फी असलेल्या प्रत्येक संस्थेला तो आधार नसतो. तो आहे की नाही, हे पुन्हा त्या आठ-दहा माजी विद्यार्थ्यांच्या पगारावरून ठरतं.

आकडा बसत नसेल तर

प्रवेश सोडायलाच हवा असं नाही. एक वर्ष थांबून सीईटी पुन्हा देऊन सरकारी किंवा अनुदानित जागा मिळवणं, हा मला सगळ्यात फायद्याचा उपाय वाटतो. फीचा फरक वर्षाला लाखाचा असेल, तर चार लाख कर्ज कमी, म्हणजे दहा वर्षं महिना ७,३८० रुपये कमी. एका ‘वाया गेलेल्या’ वर्षाचा मोबदला म्हणून वाईट नाही. ते वर्ष रिकामं घालवू नका, स्केचिंग करा, एखाद्या छापखान्यात बसा.

दुसरी वाट आयटीआयची. डीटीपी ऑपरेटरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, मल्टिमीडियाचाही आहे. प्रतिष्ठा कमी, खर्च नगण्य, आणि वर्षभरात काम सुरू. पुढे मुक्त विद्यापीठातून कुठलीही पदवी घेत पोर्टफोलिओ वाढवता येतो. माझ्या पाहण्यातले दोन उत्तम मांडणीकार असेच आले. ही वाट सगळ्यांना जमत नाही, कारण सबमिशनची तारीख डोक्यावर नसताना रोज बसणारी माणसं थोडी.

खासगी संस्थांचे लाख-दोन लाखांचे सहा महिन्यांचे यूएक्स कोर्स कर्जावर घेण्याआधी मात्र दहादा विचार करा. त्यांचं कर्ज अनेकदा शैक्षणिक नसतं, साधं वैयक्तिक असतं. मोरेटोरियम नाही, हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून.

कर्ज आधीच डोक्यावर असेल तर

पहिलं काम: बँकेतून व्याजाचं विवरण काढा आणि चालू दर बघा. जुनी करपद्धत निवडली असेल, तर शैक्षणिक कर्जावर भरलेलं व्याज ८ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होतं, रकमेला मर्यादा नाही. नव्या पद्धतीत हे मिळत नाही. पगार लहान असताना नवी पद्धतच बरी पडते, तरी दोन्हीकडून एकदा मांडून बघा.

दुसरं: बाहेरची कामं घेत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ती मोफत आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, असा कायदा आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापला की ‘बघतो, पुढच्या महिन्यात’ म्हणणारे शेठजी जरा लवकर बघतात. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय फाइल उघडू नका. बाहेरच्या कामाचा प्रत्येक मोठा चेक थेट मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर बँक मुदतीआधी फेडल्याचा दंड लावू शकत नाही. वरच्या उदाहरणात दहा वर्षांच्या कर्जात पहिल्याच वर्षी भरलेले ५०,००० शेवटी त्याच्या दुपटीहून जास्त हप्ते वाचवतात.

तिसरं: हप्ता चुकणार असं दिसलं, तर चुकण्याआधी शाखेत जा. नोकरी गेल्याचं पत्र आणि अर्ज घेऊन गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करून देण्याची विनंती करता येते. तीन हप्ते थकल्यावर गेलात तर खातं बुडीत धरलं जातं, तुमचा आणि वडिलांचा सिबिल एकदमच पडतो आणि शाखेतला माणूस इच्छा असूनही फारसं काही करू शकत नाही. अर्जाची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.